आपापल्या पाण्याचं अळू

दोन बोटं मोरीच्या पाण्यात बुडवायची, स्वतःच्या नाकाशी न्यायची आणि मग तीच बोटं समोरच्याच्या नाकाशी धरायची. "हुंग. काय म्हणतंय?"

आमच्या जागामालकीणबाईंची भाडेकरूंची विचारपूस करण्याची ही पद्धत. बाकीचे जागामालक दारातून येतात, खुर्ची ओढतात, धंदापाणी विचारतात. ह्या आधी गाळ्याच्या मागे जायच्या, सांडपाणी जिथून बाहेर पडतं तिथे गुडघ्यावर हात ठेवून वाकायच्या, आणि मग मागच्या दाराने आत यायच्या. दोन बोटं वर धरलेली, त्यावरून पाणी मनगटापर्यंत ओघळतंय, आणि चेहरा असा प्रसन्न, की जणू देवाचा अंगारा आणलाय.

पहिल्या वेळी मला उमासा आला. मी तोंड फिरवलं, तर त्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "मेल्या, तुझ्याच मोरीतलं आहे. परक्याचं नाही."

आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. नाव करारावर आहे, ते इथे नको. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. उभी नोकरी लोकांची थुंकी आणि लघवी तपासण्यात गेली. त्यामुळे किळस नावाची गोष्ट त्यांच्याजवळ शिल्लकच नव्हती. माझ्याजवळ मात्र भरपूर होती, आणि धंदा असा निवडला होता की ती रोज वाढावी.

माझी दिवेआगरला लॉन्ड्री आहे. म्हणजे इथल्या घरगुती राहण्याच्या जागांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल धुतो. तुम्ही कधी आला असाल, नारळ-पोफळीत राहिला असाल, तर तुमचीही चादर माझ्या हाताखालून गेली असेल. रागावू नका, पण माणूस घराबाहेर दोन दिवस राहिला की त्याच्यातलं काय काय बाहेर येतं ते मला ठाऊक आहे. सुरमईच्या रश्श्याचे हात चादरीला पुसतात. ओल्या वाळूसकट झोपतात. उशीच्या अभ्र्याने बूट पुसलेले मी पाहिलेत. एका अभ्र्यात तर कोलंबीची सालं गाठ मारून ठेवलेली होती, बहुतेक नंतर टाकू म्हणून. आणि हीच माणसं जाताना मालकाला सांगतात, चादर जरा पिवळट होती.

मी मूळचा पालीकडचा. मेव्हण्याच्या सांगण्यावरून इकडे आलो, तेव्हा समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकूंचे सहा गाळे नुकतेच उभे राहिले होते. तिथे आधी त्यांच्या वाडीची पुढची रांग होती. वादळात पोफळी आडव्या झाल्या, नारळ मधोमध मोडले. "नवीन पोफळ धरायला सात-आठ वर्षं," काकू म्हणाल्या, "तेवढी वाट बघायला माझ्याकडे वय नाही. म्हणून माणसं लावली."

कराराचा कागद नेहमीसारखा होता, अकरा महिन्यांचा. पण त्याला मागे एक वहीचं पान टाचलेलं होतं, काकूंच्या गोलगोल अक्षरात. त्यावर तीन कलमं. गाळ्याचं पाणी गाळ्यामागच्या अळूतच जाईल. संडास भाडेकरू स्वतःच्या हाताने धुईल, नोकराला सांगणार नाही. आणि ऋषीपंचमीला सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला यायचं.

मी सही करताना हसलो होतो. तिसऱ्या कलमाला.

अळूचं तुम्हाला सांगायला नको. कोकणात न्हाणीचं पाणी वाया घालवत नाहीत, ते मागे अळूला नाहीतर केळीला जातं. काकूंनी तेच घरचं शहाणपण गाळ्यांना लावलं. स्वतः पदर खोचून उभं राहून प्रत्येक गाळ्यामागे खड्डा खणून घेतला, तळाला दगड, त्यावर नारळाची सोडणं म्हणजे वरची सालं, त्यावर रेती आणि माती, आणि वर भाजीचं अळू. खड्ड्यांपासून पंधरा-वीस पावलांवर उताराला त्यांची विहीर. ती विहीर काकूंचा जीव की प्राण होती. वादळाने सगळं नेलं, ती तेवढी ठेवली, असं त्या म्हणायच्या. सहाही गाळ्यांतले माठ त्याच विहिरीच्या पाण्याने भरायचे. म्हणजे आपण ओतायचं, अळूने गाळायचं आणि पुन्हा आपणच प्यायचं. मला तर नुसत्या कल्पनेनेच कसंतरी व्हायचं.

"काकू, हे म्हणजे आपलंच उष्टं आपण प्यायचं."

"मग दुसऱ्याने प्यावं असं तुझं म्हणणं आहे का?"

दर महिन्याला त्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन ओटीवर बसायच्या, त्यात कसलेसे थेंब टाकायच्या, उजेडात धरायच्या आणि वहीत लिहायच्या. नोकरी सुटली तरी प्रयोगशाळा सुटली नव्हती.

नुसते नियम लावून त्या मोकळ्या झाल्या असत्या तर मी त्यांच्यावर चार ओळीही लिहिल्या नसत्या. नियम कोणीही लावतो. समोरच्या बाजूच्या जागामालकाने तर काकूंचं नाव होतंय हे बघून आपल्या दुकानांवर मोठा फ्लेक्स लावला. हिरवं झाड, त्याच्या मागे सूर्य, खाली 'निसर्गाशी मैत्री'. त्याच्या सगळ्या दुकानांचं पाणी एका पाइपातून थेट पुळणीवर, समुद्राच्या वाळूत जातं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना त्याने कापडी पिशव्या वाटल्या, प्रत्येक पिशवी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. दुसऱ्या दिवशी त्या प्लास्टिकच्या पिशव्या आमच्या अळूत उडून आल्या आणि काकू त्या एकेक वेचून, घडी घालून त्याला परत देऊन आल्या. "तुमची मैत्री आमच्याकडे आली होती," एवढंच म्हणाल्या.

काकू नियमाबरोबर स्वतःही यायच्या. नझीरच्या गॅरेजमागे त्यांनी रेतीचा एक वेगळा हौद बांधून दिला आणि जुन्या ऑइलचा ड्रम उचलून नेणारा माणूस शोधायला तीन दिवस एसटीने फिरल्या. नझीर त्यांना बघितलं की हात पुसत उभा राहायचा. "काकू, अल्लाकसम, आज एक थेंब नाही सांडला." त्या त्याची दोन बोटं पकडून हुंगायच्या आणि मगच विश्वास ठेवायच्या. खानावळीच्या हिराबाईला त्यांनी तेलकट पाण्यावरचा तवंग कसा काढायचा ते शिकवलं, आणि मासळीची घाण नारळाच्या मुळाशी किती खोल पुरायची तेही. हिराबाई कोळीण, उभ्या आयुष्यात तिला मासळीतलं कोणी काही शिकवायला गेलं नव्हतं. पण काकूंपुढे ती गप्प असायची.

मला त्यांनी ऊन दिलं. म्हणजे वाडीचा जो तुकडा वादळाने मोकळा केला होता तो. "ब्लीच कशाला? गवतावर पसर, वरून पाणी शिंपड, दुपारी पुन्हा शिंपड. माझी आई धोतरं अशीच पांढरी करायची." मी मनातल्या मनात नाक मुरडलं. पण चार दिवसांनी चादरी अशा निघाल्या की मी आणि माझ्याकडे काम करणारी सुगंधा दोघंही बघत राहिलो. सुगंधा म्हणाली, "ह्या तर डोल्याला लागतात हो." मशीनचा ड्रायर तेव्हापासून झाकून ठेवला तो ठेवलाच.

आता संडासाचं सांगतो. नाकाला रुमाल लावायचा तर लावा.

आमच्या रस्त्यावर दुकानांत कामाला बायका पुष्कळ, पण त्यांच्यासाठी सोय कुठेही नव्हती. माझी सुगंधा सकाळी यायची ती संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मला वाटायचं, हिला तहानच कमी. इतका मी हुशार. काकूंनी एक दिवस तिच्यादेखत मला विचारलं, "ही जाते कुठे?"

"कुठे म्हणजे?"

मला खरंच कळलं नाही. सुगंधा चादर पिळता पिळता खाली मान घालून म्हणाली, "जायाला जागाच न्हाय, मंग पानी कशाला प्यायाचं?"

काकू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेने त्या गटाराकडेही कधी बघत नसत. महिन्याभरात गाळ्यांच्या टोकाला दोन संडास उभे राहिले, आणि तोवर नुसतं कागदावर असलेलं ते दुसरं कलम लागू झालं. वार लावून दिले. गुरुवार माझा.

माझ्या पहिल्याच गुरुवारच्या आदल्या दिवशी पर्यटकांची कुठलीशी बस थांबून गेली होती. दार उघडलं आणि मी उलट्या पावली बाहेर आलो. भिंतीवर सुद्धा होतं. काय होतं ते लिहीत नाही. काकू बादली घेऊन दारात उभ्या.

"काकू, एखादा माणूस बोलवू. मी देतो त्याचं काय असेल ते."

"कुठला माणूस? नाव सांग त्याचं."

मला नाव सांगता येईना. तसा माणूस असतो एवढंच मला माहीत होतं. तो कुठे राहतो, घरी गेल्यावर हात कशाने धुतो, जेवायला बसल्यावर त्याला काय आठवतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"घाण आपली आणि हात त्याचे, हे माझ्या जागेत चालायचं नाही," काकू म्हणाल्या. "ब्रश खाली घाल. कोपऱ्यात. कोपरा राहिला. अजून." मी दोनदा ओकलो, तेही मीच धुतलं. बाहेर आलो तेव्हा त्यांनी हातावर पाणी घातलं, साबण दिला आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा मला पण झालं होतं. थुंकीची बाटली हातात फुटली होती." त्या दिवशी मला त्यांचा एवढा राग आला होता, आणि तरी त्यांनी हातावर घातलेलं पाणी बरं वाटलं होतं.

तर अशी ही बाई, आणि तिला मी फसवलं. आजचं लिहिणं खरं त्यासाठी आहे.

उन्हाचा धंदा पावसाळ्यात बसला. आषाढ लागला आणि चादरी वाळेनात; झाकून ठेवलेला ड्रायर गंजून बसला होता. वाळल्या तरी त्यांना कुबट वास, आणि बारीक काळी तिती, बुरशीचे ठिपके, पडायला लागली. त्याच सुमाराला एका मोठ्या रिसॉर्टचं काम मला नव्याने मिळालं होतं. तिथला मॅनेजर चादर खिडकीशी धरून बघायचा आणि बोट ठेवायचा. "हे काय? आणि हे? पांढरं म्हणजे पांढरं पाहिजे. पब्लिक फोटो टाकतं." हातचं काम जाणार हे दिसत होतं. मी म्हसळ्याहून ब्लीचचे कॅन आणले, डाग काढायचं लिक्विड आणलं, आणि सुगंधाला सांगितलं, काकूंना बोलू नकोस. हातमोजे नव्हते, तिची बोटं सोलवटली. ती बोटं पदरात धरून बसायची. ते मी बघत होतो आणि बघत नव्हतो.

मनाची समजूत घालायला कारण तयार होतं. ग्रामपंचायत विहिरींत टीसीएल टाकते की नाही? तेही ब्लीचिंगच. मग माझं पाणी मुरलं तर उलट विहीर स्वच्छच होईल! हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला ते शास्त्रच वाटायला लागलं. पण गंमत बघा, मी माठातलं पाणी प्यायचं बंद केलं. विकतच्या बाटल्या आणायला लागलो. ज्या शास्त्रावर माझा एवढा विश्वास, ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. शेजारी नझीर, हिराबाई, तिच्या खानावळीत जेवायला येणारी माणसं, सगळी त्याच विहिरीचं पीत होती, आणि मी टेबलाखाली बाटली लपवून घोट घेत होतो. एवढी किळस मला कुठल्याच अभ्र्याची आली नव्हती.

श्रावणात एकदा काकू दुकानात उभ्या होत्या. माठावर बोट फिरवून म्हणाल्या, "ह्याच्यावर धूळ बसलीय. हल्ली पाणी पीत नाहीस?"

"घसा बसलाय काकू. गरम पाणी घेतो."

"बरं," म्हणाल्या, आणि गेल्या. त्या दिवशी त्यांनी बोटं बुडवली नाहीत.

भाद्रपदाच्या तोंडावर माझं अळू मेलं. पानांच्या कडा आधी करपल्या, मग देठ मऊ पडले, मग सगळं खाली बसून त्याचा चिखल झाला. वास असा, की कुजलेल्या अळूत पोहण्याच्या हौदाचं पाणी मिसळलं आहे. आणि ऋषीपंचमी आली जवळ.

ऋषीपंचमीला काकूंची एक वेगळीच तऱ्हा होती. ऋषीची भाजी सगळीकडे होते, बैलाच्या कष्टाचं काही नको म्हणून परसातलं, हाताने लावलेलं, अळू-पडवळ-भोपळा सगळं एकत्र. काकू मात्र एका पातेल्यात करत नसत. सहा गाळ्यांची सहा लहान पातेली. प्रत्येकात त्या त्या गाळ्यामागचं अळू. पातेल्यांना चिकटपट्टी लावून वर नंबर, दवाखान्यातल्या बाटल्यांना असतात तसे. अंगणात पंगत बसायची आणि काकू ओरडायच्या, "पहिला घास आपापल्या पाण्याचा. दुसरा शेजाऱ्याच्या!" नझीरसुद्धा बसायचा, आपल्या भाजीला पेट्रोलचा वास येत नाही ना म्हणून हुंगून बघायचा आणि सगळे हसायचे. पण त्या हसण्यात एक धास्ती असायची. वर्षभर तुम्ही काय ओतलंत ते त्या दिवशी तुमच्या पानात पडायचं, आणि शेजाऱ्याच्याही.

माझ्याकडे अळूच नव्हतं. चार दिवस आधी मी रस्त्याच्या कडेच्या चरातून मोठ्या पानांचं अळू चिखलासकट उपटून आणलं आणि मेलेल्याच्या जागी लावलं. दिसायला झकास. मी अळू खाणारा माणूस, लावणारा नव्हे. ते रानअळू होतं. शिजवलं तरी घसा खाजवून सोडणारं. आमच्या घरी अळू आई निवडायची, आम्ही नुसते भुरके मारायचो. अशा मुलांचं पुढे हेच होतं.

पंगत बसली. हिराबाईने सगळ्यांच्या फुलपात्रांत कळशीतलं पाणी वाढलं. काकू माझ्यासमोर आल्या, हातात माझ्या नंबरचं पातेलं. आणि मला तो घास पुढ्यात दिसला, चार दिवस ब्लीचमध्ये उभ्या राहिलेल्या अळूचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, आज माझा उपास आहे."

"कसला?"

"ऋषीपंचमीचा."

अख्खी पंगत हसायला लागली. ऋषीपंचमीचा उपास बायका करतात. नझीर म्हणाला, "अरे, मलापण माहीत आहे हे!" शेवटच्या गाळ्यातल्या सलूनवाल्याला ठसका लागला. मी खाली बघत बसलो.

काकू हसल्या नाहीत. "बरं. मग तुझ्या वाटचं मी खाते," म्हणाल्या, आणि माझ्यासमोरच फतकल मारून बसल्या. तिसऱ्या घासाला त्यांचे डोळे भरून आले. चौथ्याला खोकला. हिराबाई धावली. "काकू, खाजतंय ना? टाका ते, टाका! ह्ये आमसूल धरा तोंडात."

काकूंनी आमसूल तोंडात धरलं आणि खात राहिल्या. "पानात टाकायचं नाही," एवढंच कसंबसं म्हणाल्या. ओठ सुजले. आवाज घोगरा होत होत बंद पडला. मी घाईघाईने माझी बाटली पुढे केली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. समोर कळशी भरलेली होती, तीही घेतली नाही. स्वतःचा तांब्या घेऊन उठल्या, विहिरीवर गेल्या, पोहऱ्याने पाणी काढलं आणि आमच्या सगळ्यांच्या देखत उभ्याने घटाघटा प्यायल्या. भरलेली कळशी सोडून विहिरीवर कशाला गेल्या, असं मला वाटून गेलं. पण विचारायला तोंड कुठे होतं? कोकणात जन्म गेलेली बाई पान खुडताना देठ बघून रानअळू ओळखणार नाही असं होणंच शक्य नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असून शिजवलं होतं, आणि मी खाल्लं नाही म्हणून स्वतः खाल्लं होतं.

चार दिवस त्यांचा आवाज नव्हता. पाचव्या दिवशी मागच्या दाराने आल्या. दोन बोटं ओली. माझ्या नाकाशी धरली. बोलल्या काहीच नाहीत. मी पण "चुकलो" म्हणालो नाही. खोटं कशाला सांगू, शब्द तोंडापर्यंत आला होता आणि मी तो गिळला. गाळा सोड म्हणतील, ह्याची वाट बघत उभा राहिलो.

त्यांनी माझ्या टेबलावर एक किल्ली ठेवली. सुपारी वाळवायच्या शेडची. वर पारदर्शक पत्रे, चारी बाजूंनी वारा, वादळानंतर सुपारीच उरली नाही म्हणून बंद पडलेली. तिथे दोऱ्या बांधून घे, असं हातांनीच दाखवलं. मग आवाज परतल्यावर स्वतः माझ्याबरोबर त्या रिसॉर्टच्या मॅनेजरकडे आल्या. पावसाळ्यात रंगीत चादरी घाला, चौकड्याच्या, असं त्याला सांगितलं. त्याने ऐकलं नाही आणि माझं ते काम गेलं. "पांढऱ्या चादरीवर झोपून कोणी स्वर्गात जात नाही," त्या परत येताना बडबडत होत्या. मग गावातल्या लहान घरांत घरोघरी फिरून त्यांनी चौघांना चौकड्याच्या चादरी घ्यायला लावल्या. सुगंधासाठी हातमोजे मात्र माझ्याकडून आणवले. आणि टीसीएलचं माझं शास्त्र एकदा मी घाबरत घाबरत काढलं, तेव्हा म्हणाल्या, "आमटीत चिमूटभर मीठ लागतं म्हणून कोणी गोणी ओततं का रे?"

पण मी कबूल काही केलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. त्या यायच्या, बोटं बुडवायच्या, हुंगायच्या. "आता बरं म्हणतंय," म्हणायच्या आणि क्षणभर थांबायच्या, जणू मला काही बोलायचं असेल तर जागा करून देतायत. मी चादरीची घडी घालत राहायचो.

माघात काकू गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत.

मुलगा पुण्याहून आला. माणूस वाईट नाही. नवे करार करताना त्याने मागचं वहीचं पान काढून बाजूला ठेवलं. "ही आईची हौस होती. तुम्हाला त्रास नको. पाणी सरळ रस्त्याच्या गटाराला जोडून टाकू." मोरीकडे येताना त्याने नाकाला रुमाल लावला होता. मग हिराबाईने ते पान उचललं, नझीरने स्टेपलर मागितला, आणि मी ते पुन्हा माझ्या कराराला टाचलं. मग सगळ्यांनीच टाचलं. तो हसला. "तुमची मर्जी," म्हणाला.

ह्या वर्षीची ऋषीपंचमी आम्हीच केली, काकूंच्या अंगणात. सहा पातेली, चिकटपट्ट्या, नंबर. माझं अळू वर्षभर चादरींच्या पाण्यावर वाढलेलं, हिरव्या देठाचं, भाजीचं. हिराबाईने वाढलं. "पहिला घास आपापल्या पाण्याचा" असं ओरडणारं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणीच सुरू करेना.

तेव्हा मी बोललो. बसल्या जागी, पानाकडे बघत. ब्लीच, मेलेलं अळू, चरातलं रानअळू, टेबलाखालची बाटली, सगळं. तुम्ही सगळे पीत होतात आणि मी पीत नव्हतो, हेही. बोलताना मला माझ्याच आवाजाची शिसारी येत होती.

कोणी रागावलं नाही. नझीरने मान हलवली. हिराबाई डाव हातात धरून उभी होती, ती म्हणाली, "आमाला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"काकूंनी श्रावनातच सांगितलं व्हतं. पानी तपासलं त्यांनी. समद्यांचे माठ त्यांनी सोता वतून दिले, गावच्या नलाचं पानी भरा म्हनल्या. तुजा माठ तेवढा तसाच ठेवला." तिने डाव पातेल्यात ठेवला. "पन त्याला बोलू नका म्हनल्या. आपनहून सांगंल."

म्हणजे त्या दिवशी कळशीत नळाचं पाणी होतं. पंगतीतल्या एकानेही विहिरीचा घोट घेतला नव्हता.

"काकू तर प्यायल्या," मी म्हटलं.

"आमी बोललो त्यांना, तुमी कशाला? तर म्हनल्या, भाडेकरू मी आनला, हीर माजी हाय. कुनीतरी प्यायला नको का?"

मी माझा घास खाल्ला. मग शेजारच्या पातेल्यातला, नझीरच्या पाण्याचा. घसा खाजला नाही. पानात काही टाकलं नाही. मग तांब्या घेतला आणि विहिरीवर गेलो.